वाफ घेते आहे

धम्मानंदाने सिगारेट सोडण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिले नाही. तो निश्चय घरातल्यांच्या ओळखीचा होता; वर्षाकाठी एकदा येई, आठवडाभर मुक्काम करी आणि निघून जाई. परंतु या वेळी त्याच्या पाठीशी एक योजना होती. सिंगापुरातल्या तुआसच्या ज्या जहाजदुरुस्ती कंपनीत तो मरीन इंजिनिअर होता, तिने त्याला एका जहाजाच्या कामावर देखरेख करण्यासाठी काही महिने इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलजवळच्या एका गोदीत पाठवायचे ठरवले होते. तेथे गेल्यावर सिगारेटच्या जागी एक साधा पॉड व्हेप, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ करून ओढायचे खिशातले यंत्र, घ्यायचा, त्यातील निकोटिनचे प्रमाण हळूहळू उतरवत न्यायचे, आणि परतताना ते यंत्र तिथेच टाकून मोकळ्या हातांनी विमानात बसायचे, अशी ती योजना होती.

मोकळ्या हातांनी, याला कारण होते. सिंगापुरात व्हेप ओढणे तर सोडाच, नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. बुकित पंजांगच्या ज्या इमारतीत हे कुटुंब राहत होते, तिच्या लिफ्टशेजारी त्या अर्थाचे पत्रक लावलेले होते, आणि एलआरटी रेल्वेच्या स्टेशनच्या जिन्यापाशीही. म्हणून धम्मानंदाने आपला सारा अभ्यास लॅपटॉपच्या पडद्यावर चालवला होता. वस्तू त्याने अद्याप हातात घेतलेली नव्हती.

या घरात त्याचे वडील यादवराव हे सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी नांदेडच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर संस्कृत आणि पाली शिकवली. बौद्ध न्यायशास्त्र हा त्यांचा विशेष आवडीचा विषय. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आल्यावर त्यांच्यापाशी एकच विद्यार्थिनी उरली होती, ती म्हणजे त्यांची सोळा वर्षांची नात जान्हवी. सायंकाळची वंदना झाली की ती त्यांच्यापुढे बसून मराठीचे एक पान वाची. वाची नीट, परंतु एरवी तिला मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, हा त्या घराचा परिपाठ होता. यादवरावांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. ते फक्त वाट पाहत.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती वाट फळाला आली, असे त्यांना वाटले. जान्हवी शाळेतून येऊन स्वयंपाकघरालगतच्या न्हाणीघरात गेली होती. बराच वेळ झाला. आतून खोकला ऐकू आला, आणि दाराखालच्या फटीतून आंब्यासारखा गोड वास आला.

"जान्हवी, बरं नाही का गं तुला?" त्यांनी बाहेरून विचारले.

आतला खोकला थांबला. मग उत्तर आले, "वाफ घेते आहे, आजोबा."

यादवराव जागच्या जागी उभे राहिले. सिंगापुरी 'ला' जोडलेले 'आय ॲम ओके ला' नाही, 'स्टीम घेतेय' नाही. पूर्ण वाक्य, सहायक क्रियापदासकट. सायंकाळी त्यांनी ते सुनेला, अंजलीला, सांगितले. अंजली चांगीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत संशोधक होती आणि घरी आल्यावर तासभर तिला कोणाचेच फारसे ऐकू येत नसे.

"'आहे'सुद्धा गाळलं नाही तिनं," यादवराव म्हणाले.

"सर्दी झाली असेल. एसी लावून झोपते," अंजली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यादवरावांनी आपल्या खोलीतल्या कपाटातून स्टीलची एक लहान डबी काढली, तिच्यात ओवा भरला आणि ती नातीच्या हाती दिली. "वाफ घेशील तेव्हा पाण्यात चिमूटभर टाकत जा. नाक मोकळं होतं."

जान्हवीने डबी घेतली. ती कानांपर्यंत लाल झाली. "थँक्यू, आजोबा," एवढेच म्हणाली. कोणत्याही लहानशा प्रेमाने संकोचणारी मुले असतात. यादवरावांनी तसा अर्थ लावला. वाफ घ्यायला गरम पाणी लागते आणि ते कशात तरी असावे लागते, हा विचार त्यांच्या मनात यायला हवा होता. तो आला नाही.

पुढे सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी धम्मानंदाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. अंजली शेजारी बसून गवार निवडत होती.

"बाबा, बघा. शेवटी हे दोन उरले."

"मला बघायला आलास तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणालास," अंजली गवारीवरची नजर न काढता म्हणाली, "आणि या नळीसाठी दोन महिने?"

"तेव्हा मला पर्याय नव्हता."

"मला होते," अंजली म्हणाली.

यादवराव चष्मा पुसून पडद्यासमोर बसले. मुलगा जे शिकला ते आपण समजून घ्यावे, ही त्यांची जुनी सवय होती. जहाजाच्या इंजिनाचे सिलिंडर त्यांनी असेच एकदा दिवसभर समजून घेतले होते. धम्मानंद सांगू लागला. या यंत्रांच्या दोन जाती. एक सरळ छातीत ओढायची. तिची हवा मोकळी, वाफ भरमसाट, तोंडातून ढगच निघतो. ती त्याला नको होती.

"सिगारेट ओढणारा माणूस आधी तोंडात धूर घेतो, बाबा. गाल आत जातात. मग तो खाली उतरवतो. मला तसंच लागेल, नाहीतर चार दिवसांत मी परत दुकानात सिगारेट मागायला जाईन. त्यासाठी हवेचं भोक बारीक हवं. ओढ घट्ट हवी."

"ओढ?"

"ड्रॉ, बाबा. टाइट ड्रॉ."

"शब्द चांगला निवडलास," यादवराव म्हणाले. "नळीतून घेतो तीही ओढ आणि मनाला लागते तीही ओढ. तू यातली कोणती घट्ट करतो आहेस?"

"पहिली. दुसरी सैल व्हावी म्हणून."

यादवरावांना हे उत्तर आवडले. त्यांनी विचारले, "मुखात किती वेळ ठेवायचं? ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व. दोन मात्रा धरा."

"दोन मात्रांचा दीर्घ झाला रे."

"मग दीर्घ," धम्मानंद हसून म्हणाला. त्याने पडद्यावरची दोन चित्रे मोठी केली. पहिले यंत्र चपटे, काडेपेटीहून थोडे लांब; बटण नाही, ओढले की आपोआप चालू होणारे. त्याच्या कडेला एक सरकती पट्टी होती. ती सरकवली की हवेची वाट मोकळी किंवा अरुंद होई. दुसरे निमुळते, पेनासारखे. त्याला पट्टी नव्हती, भोक कायमचे बारीक. दोहोंच्या तोंडाशी द्रव भरायची छोटी कुपी, म्हणजे पॉड, आणि तीत तापणारी तार. तारेचा रोध एक ओहमच्या आसपास असावा, म्हणजे ती मंद तापते, द्रव कमी लागतो आणि बॅटरी दिवसभर पुरते, असे धम्मानंद म्हणाला. "इंजिनाच्या नोझलसारखंच आहे. भोक चुकलं की पुढचं सगळं चुकलं."

"मग दुसरं घे," यादवराव म्हणाले. "सरकणारं जितकं कमी, तितकं बिघडणारं कमी."

"माझंही तेच मत होतंय."

जान्हवी मायलोचा मग घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. बापाच्या खांद्यावरून तिने पडद्याकडे पाहिले.

"नॉट दॅट वन ला, पप्पा. स्लायडरवाला घ्या. दुसरा गुरगुर करतो, मग तोंडात थेंब येतात."

"हो, रिव्ह्यूमध्ये एकानं लिहिलंय तसं."

"आणि पॉड भरल्यावर वेट करायचं. नाहीतर जळतं आतलं. ती टेस्ट जातच नाही. दात घासले तरी." असे म्हणून ती आपल्या खोलीत गेली.

धम्मानंद कौतुकाने हसला. "बघा. आजकालच्या पोरांना काय काय ठाऊक असतं. सगळं यूट्यूब."

"तुला दोन महिने लागले, तिला दोन मिनिटं," अंजली म्हणाली, आणि तीही हसली.

यादवराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून मिटला आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

ज्ञानाची साधने दोनच, असे ते आयुष्यभर शिकवत आले होते: प्रत्यक्ष आणि अनुमान. ऐकलेले, वाचलेले हे या दोहोंपैकी एकावर उभे राहील तेव्हाच खरे. धम्मानंदाला जे ठाऊक होते ते वाचलेले होते. त्याने ते वाचलेल्यासारखेच सांगितले, आकड्यांत. जान्हवीने आकडा एकही सांगितला नाही. तिने जीभ सांगितली. दात घासल्यावरही न जाणारी चव डोळ्यांनी पाहून कळत नाही.

आणि मग त्यांना आपल्या वर्गातले एक उदाहरण आठवले. दूरच्या डोंगरावर काही पांढुरके उठताना दिसते. तो धूर असेल तर तेथे अग्नी आहे, असे अनुमान करता येते. परंतु ती वाफ आहे की धूर याचाच जर संशय असेल, तर अनुमान उभे राहत नाही. हा हेतूचा, म्हणजे अनुमान ज्या खुणेवर उभे असते तिचा, दोष त्यांनी किती पिढ्यांना समजावला होता. वर्गातला एखादा चावट विद्यार्थी हमखास विचारी, "सर, वाफेला धूर समजून माणूस फसेल. पण धुराला वाफ समजून कोण फसणार?" आणि ते म्हणत, "तसा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही." वर्ग हसे.

तो मनुष्य आता खोलीत बसला होता, आणि त्याच्या कपाटात ओव्याच्या डबीची जागा रिकामी होती.

सोमवारी दुपारी जान्हवी शाळेतून आली, तेव्हा धम्मानंद आणि अंजली कामावर होते. यादवराव टेबलापाशी बसले होते. त्यांनी तिला जेवू दिले. ताट उचलून ती उठली तेव्हा त्यांनी विचारले, "वाफ घेताना पाणी कशात तापवतेस?"

"व्हॉट?"

"पाणी. कशात तापवतेस?"

"केटलमध्ये."

"केटल माझ्या खोलीत असते, बाळ."

जान्हवीने ताट पुन्हा टेबलावर ठेवले. "तुम्ही माझ्यावर वॉच ठेवताय? स्पाय आहात का?"

"मी तुझ्यावर लक्ष ठेवलं असतं तर मला हे ऑगस्टमध्येच कळलं असतं. मी तुझं व्याकरण ऐकत होतो."

जान्हवी खुर्चीत परत बसली. मग म्हणाली, "मी खोटं नाही बोलले. इट्स व्हेपर. व्हेपर म्हणजे वाफ. तुम्हीच शिकवलंत. संस्कृत बाष्प, मग वाफ. सांगितलं होतंत ना?"

सांगितले होते. भाषांतरात चूक नव्हती.

"शब्द खरा होता," यादवराव म्हणाले. "वाक्य खोटं होतं."

ती रडू लागली. बाष्प या शब्दाचा दुसरा अर्थ अश्रू असा आहे. तो त्यांनी तिला शिकवला नव्हता, आणि आता शिकवण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

हळूहळू तिने सांगितले. मार्चमध्ये वर्गातल्या एका मुलीने दिला. आधी कधीतरी, गंमत म्हणून. मग रोज. मग शाळेला जाण्यापूर्वी. आता प्रिलिम परीक्षेत गणिताच्या पेपरला अर्ध्यावरच तिचे लक्ष उडाले. काय लिहिले ते वाचता येईना. बाहेर जाण्याची परवानगी घेऊन ती प्रसाधनगृहात गेली आणि जवळ काही नसल्यामुळे नुसती उभी राहून परत आली. शाळेची शेवटची, ओ लेव्हल परीक्षा तोंडावर आली होती. जिने व्हेप दिला ती मुलगी मध्यंतरी पकडली गेली होती, आणि तिच्यानंतर आपली पाळी, या भीतीने जान्हवीला झोप लागत नव्हती.

"मला सोडायचंय, आजोबा. नाही सुटत." तिने नाक पुसले. "पप्पांचा वर्क पास जाईल का? आपल्याला इंडियाला परत जावं लागेल?"

"मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारावं लागेल."

"तुम्ही सांगू नका. प्लीज. पप्पा मला मारून टाकतील."

"धम्मा ओरडेल. अंजली रडेल. मी तुझ्या शेजारी बसेन. सांगायचं मात्र तू. तो जाण्यापूर्वी."

"आणि नाही सांगितलं तर?"

यादवरावांनी या प्रश्नाचा विचार आधी केलेला नव्हता. तो त्यांनी आता केला. "तर तो तिकडे जाऊन तेच विकत घेईल आणि इथे ते तुझ्यापाशी असेल. त्याला तुझं कळणार नाही आणि मला दोघांचं ठाऊक असेल. तेवढं मला झेपणार नाही, जान्हवी."

ते कोठे आहे, असे त्यांनी विचारले नव्हते; तीच उठून गेली आणि ओव्याची डबी घेऊन आली. झाकण उघडले. ओव्यात अर्धे रुतलेले, चपटे, बदामी रंगाचे एक यंत्र होते.

"ओव्यानं वास लपतो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आजोबांनी दिलेली डबी कोणी उघडून बघणार नाही, असं मला वाटलं."

हेही पूर्ण वाक्य होते. यादवरावांनी झाकण लावले, डबी तिच्याकडे परत सरकवली आणि आपल्या खोलीत गेले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सायंकाळच्या वंदनेला जान्हवी येऊन बसे. नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील म्हणताना तिचा आवाज खाली जाई आणि यादवराव आपला आवाज थोडा चढवत, म्हणजे तिचा खाली गेलेला आवाज कोणाच्या ध्यानात येऊ नये. धम्मानंदाची बॅग हॉलमध्ये उघडी पडलेली होती; अंजली तिच्यात लोकरीचे मोजे टाकत होती, तो ते काढत होता.

शुक्रवारी सायंकाळी धम्मानंद आनंदात घरी आला. त्याच्या शर्टाला सिगारेटचा आणि तोंडाला पेपरमिंटचा वास होता. सगळे जेवायला बसले. अंजलीने आमटी वाढायला घेतली.

"ठरलं," धम्मानंद म्हणाला. "जान्हवी म्हणते तोच. स्लायडरवाला. न्यूकॅसलच्या एका दुकानाला मेल केला होता. ते म्हणतात, पट्टी पूर्ण बंद केली की सिगारेटसारखी ओढ येते. मॅडमचा सल्ला बरोबर निघाला." त्याने फोनवरचे चित्र सर्वांना दाखवले आणि मुलीकडे पाहून डोळे मिचकावले.

जान्हवी उठली. यादवरावांना वाटले की ती खोलीत जाऊन दार लावून घेईल. ती गेली आणि डबी घेऊन आली, आणि तिने ती बापाच्या ताटाशेजारी उघडून ठेवली.

"पप्पा, हा बघा. हाच आहे तो."

धम्मानंदाने ते यंत्र उचलले. त्यावर चिकटलेला ओव्याचा दाणा झटकला. तळहातावर ठेवून वजन पाहिले. दोन महिने ज्याची चित्रे पाहिली ती वस्तू पहिल्यांदाच हातात आली होती, आणि इंजिनिअरचा अंगठा मनाच्या आधी कामाला लागला: त्याने कडेची पट्टी शोधली आणि बारीक टोकाकडे सरकवली. पट्टी अगदी सहज सरकली. ती वापरातली होती. तेथे अंगठा थांबला.

"हा कुणाचा?" त्याने विचारले.

"माझा."

अंजलीच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यावर तसाच राहिला. "कधीपासून?"

"मार्च."

"आणि मी तुला सर्दी झाली म्हणून एसी बंद करत बसले!"

धम्मानंद खुर्ची मागे लोटून उभा राहिला. तो ओरडला. आपण कोणत्या देशात राहतो ते तुला ठाऊक आहे का, शाळा काय म्हणेल, माझ्या पासचं काय होईल, डोकं ठिकाणावर आहे का, असे सगळे तो बोलला. जान्हवी उभीच होती. त्याचे संपल्यावर ती म्हणाली, "आय नो, पप्पा. मला सगळं माहीत आहे. तरी सुटत नाही."

हे वाक्य त्या घरात नवे नव्हते. दरवर्षी ते धम्मानंदच बोलत असे, याच टेबलापाशी, अंजलीसमोर. तो खाली बसला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

"सोमवारपासून."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तिनं सांगायचं होतं."

"बाबा, ती पोर आहे, तुमची एम.ए.ची विद्यार्थिनी नाही!" अंजली म्हणाली. सासऱ्यांशी ती या स्वरात कधी बोलली नव्हती. "सोमवारपासून आज शुक्रवार. तितके दिवस तिनं आणखी ओढलं ना?"

"मी ट्राय केलं, मम्मी," जान्हवी म्हणाली. "काल नाही घेतला. आज सकाळी घेतला."

"अंजलीचं बरोबर आहे," यादवराव म्हणाले. त्यांनी ते समजूत घालण्यासाठी म्हटले नाही. मग, आपण शेजारी बसण्याचे वचन दिले आहे हे आठवून, ते उठले आणि जान्हवीच्या रिकाम्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची नेऊन बसले. जान्हवी बसली. अंजलीने डाव पातेल्यात सोडला आणि मुलीचे डोके आपल्या पोटाशी धरले. धम्मानंदाने ते यंत्र डबीत परत ठेवले, परंतु झाकण त्याच्याकडून नीट लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजलीने मदतवाहिनीला फोन केला. प्रयोगशाळेत लागतो तो सपाट स्वर लावून तिने सर्व विचारून घेतले. स्वतःहून सोडायला पुढे येणाऱ्याला शिक्षा नाही, तर समुपदेशन मिळते, आणि वस्तीतल्या कम्युनिटी क्लबात व्हेप टाकून देण्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत, असे तिला कळले. तिने ते मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवले. जान्हवीने ऐकले आणि ती इतकी थकलेली दिसली की अंजलीने तिला आधी दूध प्यायला लावले.

चौघेही गेले. पेटी टपालपेटीसारखी होती. वरती चीर, बाजूला सूचना. जान्हवीने डबीतून यंत्र काढले आणि आत टाकले. आतून दुसऱ्या कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. म्हणजे पेटी रिकामी नव्हती.

धम्मानंदाचा हात पँटच्या खिशात होता, आणि खिशात काय आहे ते सर्वांना ठाऊक होते.

"पप्पा, त्याच्यासाठी ही पेटी नाही," जान्हवी म्हणाली. "डस्टबिन तिकडे आहे ला."

अंजलीला हसू आले. धम्मानंद डस्टबिनपर्यंत गेला आणि परत आला. सिगारेटचे ते पाकीट त्याने खरोखरच टाकले होते. मात्र सोमवारी तुआसला त्याने दुसरे घेतले. आठवडाअखेर क्लिनिकमध्ये समुपदेशिकेने जान्हवीला विचारले, घरात आणखी कोणी तंबाखू घेते का, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून तोच म्हणाला, "मी. माझंही नाव लिहा." तेथे बाप-लेक दोघांना पुढच्या तारखा मिळाल्या. धम्मानंदाला निकोटिनच्या पट्ट्याही मिळाल्या, दंडावर चिकटवायच्या. न्यूकॅसलच्या दुकानाला त्याने पुन्हा मेल केला नाही.

तिकडे गेल्यावर तो रविवारी फोन करी. एकदा म्हणाला, "बाबा, ते दुकान गोदीच्या रस्त्यावरच आहे. काचेत तोच ठेवलाय. निळ्या रंगाचा."

"घेतलास?"

"नाही. आत जाऊन बघून आलो. पट्टीनं दंडाला नुसती खाज सुटते."

"सिगारेट?"

"पहिल्या आठवड्यात दोन-तीन झाल्या. खोटं कशाला बोलू. जान्हवीलाही सांगितलंय."

"आणि ओढ?"

"घट्ट आहे," धम्मानंद म्हणाला, आणि दोघेही हसले.

जान्हवीची परीक्षा झाली. गणिताचा पेपर तिने शेवटपर्यंत सोडवला. चांगला गेला की नाही हे तिला सांगता येईना, पण शेवटपर्यंत सोडवला. मध्ये एकदा, इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी, मैत्रिणीकडे एक झुरका घेतला होता. ते तिने क्लिनिकमध्येही सांगितले आणि घरीही. त्यानंतर नाही.

डिसेंबरच्या पावसात तिला खरीच सर्दी झाली. नाक चोंदले, डोळे सुजले. यादवरावांच्या खोलीच्या दारात येऊन ती म्हणाली, "आजोबा, मला ती... स्टीम घ्यायची आहे."

यादवराव उठले. त्यांनी केटल लावली, पातेले काढले, पंचा शोधला. स्टीलची ती डबी अंजलीने कढत पाण्याने दोनदा घासली होती, तरी उघडली की आंब्याचा पुसटसा वास येई. तिच्यात नवा ओवा होता. त्यांनी चिमूटभर पाण्यात टाकला आणि पातेले टेबलावर ठेवले. जान्हवी पंचा डोक्यावरून घेऊन वाकली. यादवराव शेजारच्या खुर्चीवर बसून तिचा श्वास ऐकू लागले. आधी तोंडाने येत होता. काही वेळाने एक नाकपुडी उघडली.

बाहेर किल्ली फिरली. अंजली कामावरून आली होती. छत्री टेकवता टेकवता तिने विचारले, "जान्हवी कुठे आहे?"

यादवराव उत्तर देणार होते, परंतु पंच्याच्या आतून आधीच आवाज आला.

"वाफ घेते आहे, मम्मी."

अंजली चपला काढून आत आली. तिने टेबलाकडे पाहिले, पंच्याकडे पाहिले. जवळ येऊन तिने पातेल्याच्या कडेला बोट लावले. बोट पोळले. मग ती कपडे बदलायला गेली.